अडीच किलोची उचल

क्रेनला फोन आला तेव्हा स्पर्धेतले चार दगड उचलून चौथऱ्यांवर चढवून झाले होते आणि सगळ्यांत जड असा पाचवा तेवढा उरला होता. अठ्ठावीस वर्षं ताकदीच्या स्पर्धा जिंकणाऱ्या या गृहस्थाला घर सोडून सगळीकडे क्रेनच म्हणत. लेक बाळंत झाली होती. तिच्या जन्माच्या वेळी हा स्पर्धेत होता, म्हणून या खेपेला बाळाला सगळ्यांत आधी मीच घेणार, असा शब्द त्याने तिला दिला होता. पण एका दगडाला असा कितीसा वेळ लागतो? त्याने तो उचलला, जिंकला आणि बक्षिसालाही न थांबता धावत सुटला.

धावताना तेलाची बाटली मैदानावरच राहिली. दगड निसटू नये म्हणून ही मंडळी कोपरापर्यंत राळेचा चिकटा फासतात आणि तो तेलाशिवाय निघत नाही. हे त्याने किती नवख्यांना शिकवलं असेल, आणि नेमका आज तोच विसरला. टॅक्सीतून उतरला तर सीटचं कव्हरही त्याच्याबरोबर उतरलं. ड्रायव्हरने चार शब्द ऐकवत ते सोलून घेतलं. रुग्णालयाच्या नोंदवहीत सही केली, तर पान मनगटाबरोबर निघून आलं आणि पेन बोटं सोडेना.

"बाळाला हात लावायचा नाही. आधी धुऊन या," परिचारिका म्हणाली.

होता तेवढा साबण संपला तरी चिकटा हलला नाही. वरून कागदी रुमालाच्या चिंध्या मात्र हातभर चिकटल्या आणि तो अर्धवट सोललेल्या कोंबडीसारखा दिसू लागला. तोवर विहीणबाईंनी बाळ घेतलं, मग व्याह्यांनी, जावयाने आणि कुठून तरी उगवलेल्या जावयाच्या मावशीनेसुद्धा. शेवटी बायकोने बाळासाठी आणलेलं तेल त्याच्या हातांवर ओतलं. चिकटा निघाला, पण हात असे बुळबुळीत झाले की परिचारिकेने पुढे केलेलं बाळ पुन्हा मागे घेतलं. आता तर सटकेलच, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

क्रेनचा चेहरा इतका उतरला की बघवेना. तो पाचवा दगड सोडला असता तर काय बिघडलं असतं, हे त्याला आता कळत होतं.

"बाबा, खुर्चीत बसा," लेक म्हणाली. "हात मागे घ्या."

तिच्या सांगण्यावरून परिचारिकेने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. दोनशे किलोचा दगड छातीशी धरणारा माणूस अडीच किलोपुढे श्वास रोखून बसला. बाळाने जांभई दिली आणि ते झोपून गेलं.

"हिला मी पहिल्यांदा कधी घेतलं होतं गं?" लेकीकडे बघत त्याने बायकोला हळूच विचारलं.

"पाच महिन्यांची होती. तुम्ही जिंकून आला होतात, फोटोवाला आला होता. एका हातात चषक, दुसऱ्या हातात ही."

बायकोने बाळाचं दुपटं सारखं केलं.

"चषक तेवढा सरळ धरला होतात."