जॅकवरचा घट

घटस्थापनेला इंजिनियर अंगद सुट्टीवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो साखर कारखान्याच्या टर्बाइन हॉलमध्ये शिरला, तेव्हा जर्मनीहून आलेल्या पेटीवर घट बसलेला होता.

पेटीवर पत्रावळ, पत्रावळीत काळी माती, मातीत पेरलेलं धान्य, मधोमध पाण्याने भरलेलं मातीचं गाडगं, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. शेजारी अखंड दिवा. वरून क्रेनच्या हुकाला बांधलेली तरवडाच्या फुलांची माळ थेट घटावर उतरली होती. पेटीच्या अंगावर छत्रीचं चित्र छापलेलं होतं, म्हणजे पाण्यापासून जपा. सारजाबाई तांब्यातून मातीवर पाणी शिंपडत होत्या. काही थेंब छत्रीवरून ओघळत होते.

"बिभीषण!" अंगद ओरडला.

हेड फिटर बिभीषण जनरेटरच्या मागून हात पुसत आला. सारजाबाई त्याची आई. हॉलमधला घट गेली कित्येक वर्षं त्याच बसवत.

"ओरडू नका साहेब. दिवा हालतोय."

"ही पेटी कोणी घेतली?"

"मीच. जुन्या चौरंगाला वाळवी लागली ना. ही पेटी बघितली तर उंची बरोबर, लाकूड नवं, लेव्हल तर विचारूच नका. लई गुणाची पेटी हाय."

"अरे, त्यात जनरेटरचं बेअरिंग आहे!"

"असू द्या की. आमी कुठं त्येला हात लावलाय?"

अंगदने कपाळाला हात लावला. कारखान्याचा जनरेटर उसाच्या चोथ्यावर, म्हणजे बगॅसवर, वीज करायचा. गेल्या हंगामात त्याचं बेअरिंग खराब झालं होतं. नवं बेअरिंग परदेशातून मागवलं, वीजनिर्मितीचा सुटा भाग म्हणून त्यावरची ड्युटी माफ करून घेतली. माफीची अट एकच, पण पक्की होती: पेटीच्या आतलं सील मुदतीत कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर उघडायचं. तसं हमीपत्र अंगदने स्वतःच्या सहीने दिलं होतं. सही करायला कारखान्यात दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि अंगद कंत्राटी होता. चेअरमन त्रिंबकअण्णांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, "दसऱ्याला बॉयलर पेटवायचाय. त्याच्या आत जनरेटर तयार झाला तर तुमी कायम. न्हाई झाला तर रामराम."

"बिभीषण, घट दुसरीकडे ठेवू. जपून उचलू."

बिभीषणने अंगदकडे असं पाहिलं, की जणू साहेबांनी चालू मशीनमध्ये हात घाला म्हटलंय.

"घट बसला की बसला, साहेब. आता दसऱ्यालाच उठंल. मधी हलवला तर हंगाम हालतो."

"अरे, थोडासाच. केसभर म्हण."

"केसभर?" बिभीषण हसला. मागे उभे असलेले दोन फिटरही हसले. "ह्ये तुमी म्हनता?"

हसण्याला कारण होतं. मागच्या महिन्यात शाफ्टची अलाइनमेंट चालू असताना बिभीषण म्हणाला होता, की साहेब, केसभरच सरकलंय, चालतंय. त्यावर अंगदने सगळ्यांना गोळा करून व्याख्यान दिलं होतं. केसभर हललं म्हणजे हललंच, हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं, की कॅन्टीनमध्ये चहा कपाच्या काठाखाली राहिला तरी लोक तेच म्हणायचे.

अंगद सारजाबाईंकडे वळला.

"आजी, तुम्ही तरी सांगा याला."

"कावून लेकरा, देवीची काय अडचण होतीय तुला? त्या जर्मनवाल्यानं नारळ फोडून तरी पाठवलंय का ते बेरिंग? आता नऊ दिवस देवीच्या पायाखाली राहील. गुण येईल त्याला."

अंगद तिथून थेट चेअरमनच्या केबिनमध्ये गेला. त्रिंबकअण्णा सगळं ऐकून घेत होते. मध्येच त्यांनी एकदा "जर्मनीची का?" असं विचारलं, त्यामुळे अंगदला आशा वाटली. पण अण्णा उठले ते हॉलमध्ये जाऊन घटाच्या पाया पडले.

"काय बे बिभीषण, डोकं हाय तुला! देवी डायरेक जर्मनीवर बसवली की!"

"अण्णा, पण पेटी…" अंगद म्हणाला.

अण्णांनी त्याला बाजूला घेतलं. "अंगदराव, पुढच्या महिन्यात संचालक मंडळाची निवडणूक हाय. देवी हलवा असं माझ्या तोंडून निघालं, तर उद्या समोरचं पॅनेल गावोगाव काय सांगत फिरंल? तुमी इंजिनियर हाय. काढा काय तरी मार्ग. फकस्त देवी हलू नये आन् बॉयलर थांबू नये."

अण्णांनी मदत केली नाहीच, उलट आरतीला माइकवरून 'जर्मन पेटीवरची देवी' अशी घोषणा केली. दुसऱ्या दिवसापासून आजूबाजूच्या वस्त्यांवरून बायका माळ घेऊन येऊ लागल्या. चेअरमनच्या पत्नी वनमालाबाई स्वतः येऊन ओटी भरून गेल्या. प्रत्येक बाई मातीवर ओंजळभर पाणी शिंपडायची. धान्य असं तरारून आलं, की पेटीवर हिरवं रान दिसू लागलं. अंगद रोज रांगेत उभा राहायचा, नमस्कारासाठी वाकायचा आणि वाकल्या वाकल्या पेटीची खालची फळी बोटाने चाचपून ओल किती आली ते बघायचा. लोक म्हणू लागले, साहेब लई भाविक हायत, पार जमिनीला टेकतेत.

सहाव्या माळेला कस्टमच्या अधिकारी आल्या. मनिषा मॅडम गाडीतून उतरल्या आणि अंगदचा जीव भांड्यात पडला. मॅडमच्या अंगावर त्या दिवसाच्या रंगाची साडी होती, पायांत चप्पल नव्हती. म्हणजे नवरात्र कडक होतं. ही बाई घट हलवायला सांगणारच नाही, तारीखच पुढे ढकलेल.

मॅडमनी सांगितलं नाही. त्यांनी घटाला हात जोडले, सारजाबाईंकडून कुंकू लावून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आता सील कुठे आहे?"

"झाकणाखाली, बेअरिंगच्या प्लॅस्टिकवर आहे मॅडम. पण घट…"

"घट हलवायचा नाही हे मला मान्य. सील माझ्यासमोर उघडायचं हे तुम्ही लिहून दिलंय. मग अडचण कशाची आहे?"

"मॅडम, दसऱ्यानंतर आलात तर…"

"दसऱ्यानंतर मुदत संपलेली असेल. मग मी घटासाठी नाही, तुमच्यासाठी येईन."

सारजाबाईंनी दिव्यात तेल घातलं. अंगद पेटीभोवती एक फेरी मारून आला, मग दुसरी. बायकांना वाटलं प्रदक्षिणा घालतोय, त्यांनी वाट करून दिली. तिसऱ्या फेरीला तो थांबला.

"झाकण तसंच ठेवायचं," तो हळूच म्हणाला. "पेटी खालून काढायची."

"म्हंजी?" बिभीषणने विचारलं.

"झाकणाच्या चारही कडा पेटीच्या बाहेर आल्यात. चार कोपऱ्यांना खालून आधार द्यायचा. मग बाजूच्या फळ्या सोडवायच्या आणि बेअरिंग बाहेर ओढायचं. देवी जिथल्या तिथं."

"आधार कशाचा? लाकडाचे ठोकळे लावू?"

"ठोकळा खालून दाबत नाही. मध्ये फट राहील, फळ्या काढल्या की झाकण खाली बसेल." अंगदच्या डोळ्यांत आता चमक होती. "हायड्रॉलिक जॅक लावा. चार. अलगद टेकवायचे, पंप मोजून मारायचा. गाडग्यातलं पाणी हललं तर मला सांगा."

त्यानंतर जे झालं तसं काम त्या हॉलमध्ये पूर्वी झालं नव्हतं. जे फिटर शाफ्टखाली गेज सरकवताना जांभया द्यायचे, ते पोटावर झोपून श्वास रोखून जॅक टेकवत होते. झाकणावर दोन बाजूंना स्पिरिट लेव्हल ठेवली. सारजाबाईंनी एका लेव्हललाही कुंकू लावलं. हातोडा कोणी वापरायचा नाही, असा हुकूम होता. स्क्रू एकेक करून सुटले. फळ्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या, एक निघाली की दुसरी ढिली होत होती, म्हणून अखेर चारही बाजू काढाव्या लागल्या. माती सांडली नाही, पाणी हललं नाही, दिव्याची ज्योत सरळ उभी.

घट आता झाकणावर होता, झाकण चार जॅकवर होतं आणि खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं बेअरिंग कोरडं ठणठणीत बसलं होतं.

मॅडम खाली वाकल्या, सील बघितलं, फोडून घेतलं, आकडे जुळवले आणि सही केली. "एवढ्या काळजीने काम करणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली," त्या म्हणाल्या. बिभीषणची मान ताठ झाली. गाडी फाटकाबाहेर गेली आणि हॉलमध्ये "उदो उदो" झाला. फिटरांनी अंगदला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

"चला," अंगद बाह्या सरसावत म्हणाला, "आता रोटर उचलून बेअरिंग बसवू. क्रेन आणा."

"क्रेनला माळ बांधलीय," बिभीषण म्हणाला.

"बरं, नाही तरी क्रेनने नको. ती हातभर उचलते. आपल्याला जरासाच उचलायचाय. जॅक आणा."

कोणी हललं नाही.

"जॅक, बिभीषण."

बिभीषणने हनुवटीने घटाकडे इशारा केला. कारखान्यात जॅक चार होते. चारही देवीखाली होते.

"हरकत नाही. फळ्या परत लावू, पेटी तशीच उभी करू आणि जॅक सोडवू."

"आन् जॅक सोडल्यावर झाकण खाली टेकताना?"

"टेकेल अलगद. फार तर केसभर…"

वाक्य तोंडातून निघालं आणि अंगदला कळलं. फिटर ओळीने उभे होते. ते काहीतरी एका सुरात म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ते काम बिभीषणवर सोडलं.

"साहेब," बिभीषण अतिशय आदराने म्हणाला, "केसभर हललं म्हणजे हललंच."

दुसऱ्या दिवशी अंगद मांजरसुंब्याला गेला. चौकातल्या ढाब्यांवर ट्रक उभे होते आणि प्रत्येक ट्रकमध्ये जॅक होता, पण द्यायला कोणी तयार नव्हतं. बायको मागा पण जॅक मागू नका, असं एकाने तोंडावर सांगितलं. शेवटी कांद्याच्या ट्रकचा एक ड्रायव्हर तयार झाला. त्याची अट होती, की जॅक एकटा जाणार नाही, सोबत ड्रायव्हर, ट्रक आणि कांदेही येतील. तसा तो आला. आणखी एक जॅक त्याने ओळखीच्या ट्रकवाल्याकडून मिळवला. जर्मन बेअरिंगसाठी रोटर उचलला गेला तो लासलगावला निघालेल्या जॅकने. काम होईपर्यंत हॉलभर कांद्याचा वास होता, आणि देवीच्या उपवासाला कांदा चालत नाही म्हणून सारजाबाईंनी ड्रायव्हरला घटाकडे तोंड करूनही उभं राहू दिलं नाही.

दसऱ्याला बॉयलर पेटला. अण्णांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, कुणी म्हणत हुतं देवी हलवा! कोण ते मी सांगत न्हाई." अण्णांनी समोरच्या पॅनेलच्या लोकांकडे पाहिलं. अंगदने मान खाली घातली. "पन देवी हलली न्हाई आन् जनरेटर झाला का न्हाई? ह्यो सगळा चमत्कार जॅकवरच्या देवीचा. म्हणून आजपासून ठरलं. दरसाल घट जॅकवरच बसंल. आन् आपले अंगदराव आजपासून कायम!"

टाळ्या पडल्या. बिभीषणने घटातलं हिरवं धान्य खुडून अंगदच्या हेल्मेटमध्ये खोचलं. अंगदचे डोळे भरून आले. सहा महिन्यांची काळजी उतरली होती. तो शांतपणे सारजाबाईंजवळ गेला. घट उठला होता, झाकण रिकामं होतं.

"आजी, आता जॅक घेऊ ना?"

सारजाबाई चारही जॅकना हळद लावत होत्या. चौथा संपवून त्यांनी वर पाहिलं.

"देवीखालचं मशीनला कसं लावशील लेकरा? आता ते तिचेच."

अंगदने आशेने अण्णांकडे पाहिलं. अण्णा चारही जॅकना नमस्कार करत होते.

अंगद आजही त्या कारखान्यात कायम आहे. रोटर उचलायचा असला, की तो मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जाऊन बसतो, चहा मागवतो आणि कांद्याच्या ट्रकची वाट बघतो.