थेंब मोजून घेतलेला मॉनिटर

शहादेव त्या दिवशी उभाच राहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणूस सकाळपासून दारात उभा असतो, येणाऱ्या प्रत्येकाला ‘जय भीम’ करून पाणी देतो (पाणी म्हणजे अर्धा पेला, टँकर चौथ्या दिवशी यायचा), आणि मग केव्हातरी त्याला वाटतं, जरा टेकावं. तो कोपऱ्यातल्या घडी केलेल्या गोधडीवर टेकला. टेकला कसला, अंग टाकूनच बसला. गोधडीतून पापडांची चळत मोडल्यासारखा आवाज आला.

गोधडीत लॅपटॉप होता.

थोरला भाऊ बन्सी जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. केजहून येताना मोटारसायकलीला टिपर आडवा आला, आणि बन्सी गेला तसा त्याचा फोनही गेला. गावच्या दूध सोसायटीत तो ऑपरेटर होता. कुणाचं दूध किती लिटर, फॅट किती, हे सगळं त्या लॅपटॉपात भरायचा. लॅपटॉप सोसायटीचा, पण झोपायचा बन्सीच्या उशाशी, धूळ लागू नये म्हणून गोधडीत.

शहादेवनं झाकण उघडून बघितलं. पडद्यावर कोळ्याचं जाळं, आणि जाळ्यामागं अंधार. त्यानं झाकण लावलं, गोधडीची घडी पहिल्यासारखी घातली आणि दोन दिवस त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसला. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचा एक ठाम विश्वास असतो, की झाकून ठेवलेली गोष्ट आपोआप बरी होते.

पण येत्या रविवारी बन्सीचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्याच्या नावानं वंदना, होतं, आणि त्याला फोटो पाहिजे होता. पाटोद्याला दिलेली अक्का, म्हणजे थोरली बहीण अंजना, मुक्कामाला आलेली. तिनं घर धुंडाळलं. तेव्हा कळलं की बन्सीचा फोटोच नाही. सगळ्या गावाचे फोटो काढायचा तो, स्वतः कायम फोनच्या मागं. अक्काच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो अकरा ठिकाणी होता आणि अकराही ठिकाणी पाठमोरा, पंगतीत भात वाढताना. राहिलं आधारकार्ड. ते बघून आई म्हणाली, “ह्यो कोन हाय?”

“लॅपटॉपात असंल की,” अक्का म्हणाली. “दर रविवारी फोनातलं सगळं फोटो त्यात भरत व्हता.”

शहादेव नखानं जमीन उकरायला लागला.

“अक्का, लॅपटॉप मोडलाय.”

“कसा?”

“मी बसलो.”

“कावून बसलास?”

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. उठली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि झाकणावरून हात फिरवत बसली. शहादेवला वाटलं, भावाचा उरलासुरला फोटो आपण बुडाखाली घेऊन मारला. रविवारी गावोगावचे पाहुणे येणार, आणि हार घालायला तोंड नाही.

केजच्या नबीभाईंना फोन लावला. सोसायटीचं कॉम्प्युटरचं सामान त्यांच्याकडूनच यायचं.

“स्क्रीन पुण्याहून यायला दहा दिवस लागतील,” नबीभाई म्हणाले. “त्यापेक्षा बाहेरून मॉनिटर जोडा. आतलं शाबूत असंल तर सगळं दिसंल.”

“शाबूत असंल तर” हे तीन शब्द शहादेवनं स्वतःशीच दोनदा म्हणून बघितले.

“लॅपटॉप घेऊन या, इथंच बघू.”

“आई घराबाहेर सोडत न्हाई,” शहादेव म्हणाला. ते खरं होतं. आईनं तो मांडीवरून खालीसुद्धा ठेवला नव्हता.

मॉनिटर सोसायटीनं घ्यायचा ठरला, कारण दुधाच्या नोंदी आठ दिवस पाठकोऱ्या कागदांवर चालल्या होत्या. सोमवारी तो ऑफिसात जाणार, तोवर शहादेवच्या घरी. सोसायटीत सुई घ्यायची तरी तिघं जातात: एक घ्यायला, एक नको म्हणायला आणि एक साक्षीला. त्याप्रमाणे शुक्रवारी शहादेव, चेअरमन आश्रुबा आणि सेक्रेटरी गहिनीनाथ जीपनं केजला गेले.

नबीभाईंनी तीन मॉनिटर शेजारी शेजारी मांडले. साडेसहा हजारांचा, अकरा हजारांचा आणि चोवीस हजारांचा. गहिनीनाथनं किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि साडेसहाच्या शेजारी खुर्ची ओढून, आपलं काम झालं अशा चेहऱ्यानं बसला. आश्रुबा सरळ टेबलामागं गेले आणि तीनही मॉनिटर मागून बघायला लागले.

“चेअरमनसाहेब, समोरून बघा की,” नबीभाई म्हणाले.

“समोरून आपरेटर बघंल. सभासद टेबलाच्या पल्याड उभा ऱ्हातो, त्याला पाठच दिसती. पाठ भारी पायजे.”

ह्या बोलण्यात तीस वर्षांचा सहकार होता. नबीभाई शहादेवकडं वळले.

“रिझोल्युशन बघा शहादेवभाऊ. म्हणजे पडद्यावर ठिपके किती. ठिपके जितके जास्त, तितकं चित्र साफ. ह्यात एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी.”

शहादेवनं गुणाकार जिथं सोडला होता तिथंच तो अजून पडला होता. त्याचं तोंड बघून नबीभाईंनी तीनही पडद्यांवर एकच व्हिडिओ लावला. कुठलातरी धबधबा होता. हिरवा डोंगर, आणि त्यावरून पाणी कोसळतंय.

त्या साली लोकांनी नळालासुद्धा पाणी बघितलं नव्हतं. रस्त्यानं घागरी घेऊन चाललेल्या दोन बाया थांबल्या. मोसंबीवाल्यानं गाडा तसाच सोडला. एक म्हातारबा चपला बाहेर काढून आत आले आणि त्यांनी विचारलं, “ह्ये कुठलं धरन हाय?”

“कंपनीचं हाय, चाचा.”

“गाळ न्हाई दिसत,” म्हातारबा म्हणाले.

शहादेव तिन्ही धबधब्यांपुढून फिरला. साडेसहा हजारांत पाणी चुन्याच्या निवळीसारखं दिसत होतं. अकरा हजारांत दुधासारखं (सोसायटीच्या दुधासारखं, म्हणजे पाणी ओळखू येत होतं). आणि चोवीस हजारांत थेंब दिसत होते. एकेक थेंब सुटा. त्यानं बोटानं सतरापर्यंत मोजले. मग त्याला वाटलं, पाण्याचा थेंब एवढा दिसतो तर दादा केवढा दिसंल.

“ह्यो घ्यायचा,” तो म्हणाला.

नबीभाई सरळ माणूस. “ऐका माझं. फोटो मोबाइलवर काढलेला हाय. मॉनिटर लाखाचा आणला तरी फोटो जेवढा साफ हाय तेवढाच दिसंल. मधला घ्या.”

शहादेवला ऐकू आलं नाही. तो पुन्हा पाण्यापाशी गेला होता.

“चोवीस हजार,” गहिनीनाथ उठून उभा राहिला. “त्यात अर्धी म्हैस येती.”

“तिला चारा म्हनून काय तुजा शर्ट घालतोस का?” आवाज मॉनिटरच्या मागून आला. चोवीस हजारांच्या मॉनिटरची पाठ पांढरीशुभ्र होती, आणि तिच्यात निळ्या दिव्याचं कडं पेटत होतं. आश्रुबा त्या कड्याच्या उजेडात उभे होते आणि सभासद झाल्यासारखे भारावले होते. “घेऊन टाका. सभासदाला विश्वास वाटंल.”

दोन विरुद्ध एक. सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच मतं मोजून निकाल लागला.

जीप गावात पोचायच्या आधी बातमी पोचली. गहिनीनाथनं रागानं सगळ्यांना फोन केले होते: चोवीस हजार घालून पाणी आणलंय, बघायला या. शहादेवच्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्यानं मॉनिटर टेबलावर ठेवला, आईच्या मांडीवरच्या लॅपटॉपाला वायर जोडली, भिंतीवरच्या बोर्डात पिन घातली आणि बाजूला झाला. (धबधबा मॉनिटरच्या आतच असतो, रेडिओत बाई असते तसा, ह्याबद्दल त्याला शंका नव्हती.)

पडदा काळा राहिला. मधोमध एक निळी चौकट आली, तीत इंग्रजी अक्षरं. गहिनीनाथनं वाचून दाखवलं, “नो सिग्नल.”

“पानी कुटंय?” मागून एका बाईनं विचारलं.

“येईल,” शहादेव म्हणाला.

दहा मिनिटं गेली. त्यानं वायर काढून पुन्हा घातली. फुंकर मारून घातली. उलटी करून घालायला गेला, ती जाईना. कुणी म्हणालं, वर थापड मार. कुणी म्हणालं, आडवा ठेव. आश्रुबा तेवढे मागच्या बाजूला उभे राहून सांगत होते, “चालू हाय की. दिवा चांगला पेटलाय.”

बाया निघून गेल्या. टँकरच्या पाळीचं खोटं बोललेलं गाव सहन करतं, पण बोलावून पाणी न दाखवणं म्हणजे जरा जास्त झालं.

शहादेव घरामागं जाऊन कोरड्या हौदाच्या कठड्यावर बसला. (ह्या वेळेला आधी हात फिरवून बघितलं, खाली काही आहे का.) आतलं शाबूत नव्हतं, हे आता त्याला कळलं होतं. पडदा मोडला तर मॉनिटर आणता येतो, आतलं मोडलं तर काय आणणार? दादा एकदा टिपरखाली गेला आणि एकदा माझ्याखाली, असं त्याच्या मनात आलं, आणि तो गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. गेल्या आठ दिवसांत त्याला हे जमलं नव्हतं. कुणी ना कुणी पाणी मागायचं.

“शहाद्या,” आतून अक्काची हाक आली. “ह्या लॅपटॉपाची पिन कुटंय?”

“कसली पिन?”

“चार्जिंगची. आठ दिवस झालं, ह्याला जेवायला घातलंस का?”

शहादेव उभा राहिला. घरात बोर्ड एकच. त्यात मॉनिटर. बन्सी गेल्यापासून लॅपटॉपला कुणी वीज दाखवली नव्हती, आणि सगळं गाव अर्धा तास एका उपाशी लॅपटॉपकडून धबधबा मागत होतं.

शेजारच्या इमामबीच्या घरून लांब वायरीचा बोर्ड आला. अक्कानं पिन घातली, बटण दाबलं. लॅपटॉपच्या आतून घरघर सुरू झाली, बन्सीच्या घोरण्यासारखी. मोठा पडदा एकदा लुकलुकला, आणि त्यावर सोसायटीच्या दुधाच्या कॅनचं चित्र आलं.

आईनं विचारलं, “हाय का रं आत?”

“हाय,” शहादेव म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि भांडंही बहुतेक मोठं असावं, कारण तो बराच वेळ पडतच राहिला.

चारशे फोटो निघाले. म्हशी, कॅन, फॅटचं मशीन, आश्रुबांचं उद्घाटन. आणि शहादेव. शहादेव जेवताना, शहादेव म्हशीकडून मार खाताना, शहादेव टँकरवर चढताना आणि पुढच्या फोटोत खाली. बन्सी असलेला फोटो एकच सापडला. घरावरच्या माळवदावर त्यानं स्वतःच हात लांब करून काढलेला. एका बाजूला बन्सी, डोळे बारीक करून हसतोय. त्याच्या खांद्यामागं शहादेव उताणा झोपलेला, तोंड उघडं. नबीभाईंचा हिशोब चुकला होता, किंवा उजेड फार चांगला होता. बन्सीच्या भुवईवरची खूणसुद्धा दिसत होती. शहादेवच्या दाढा मोजता येत होत्या, आणि खालच्या ओठावर बसलेली माशी कोणत्या बाजूला तोंड करून बसली आहे तेही.

“मला कापून टाका त्यातून,” शहादेव म्हणाला.

“सोपं हाय,” अक्का म्हणाली.

“कापायचं न्हाई,” आई म्हणाली. “आता ह्या घरात कुनाला कुनापासून तोडायचं न्हाई. आन कागदावर बी नको. असाच मोठा ऱ्हाऊ द्या.”

म्हणून रविवारी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली टेबलावर मॉनिटरच ठेवला आणि त्यालाच हार घातला. अडचण एकच होती. दर पाच मिनिटांनी पडदा आपोआप काळा व्हायचा. मग शहादेवला टेबलामागं जमिनीवर बसवलं. तिथून त्यानं माऊस हलवत राहायचा. वंदना झाली, बौद्धाचार्य बोलले, आश्रुबा मागच्या बाजूची जागा धरून निळ्या दिव्याकडं बघत बसले. शहादेव मनात पाच मिनिटं मोजत होता आणि भावाला जाऊ देत नव्हता.

तेवढ्यात दारात साखराबाई आत्या आली. नांदूरघाटची, वडिलांची चुलतबहीण. ऊसतोडीला गेलेली, आदल्या दिवशीच परतलेली. फोनवर तिला एवढंच कळलं होतं की भामाबाईचा (म्हणजे आईचा) पोरगा गेला. तिनं पडद्याकडं बघितलं. एक हसतोय, एक डोळे मिटून तोंड उघडं टाकून पडलाय. कुठला गेला हे आणखी कुणाला विचारायचं? तिनं जमिनीवर बसकण मारली आणि गळा काढला.

“शहादेवा, माज्या लेकरा…”

टेबलामागं माऊस थांबला.

आत्याचं रडणं म्हणजे नुसतं रडणं नव्हे. ती गेलेल्याचे गुण एकेक करून सांगते, आणि त्यासाठी पाच गावं तिला बोलावतात. कुणीतरी तिला थांबवायला हवं होतं. पण शहादेवचे गुण कोणते, हे ऐकायची सगळ्यांनाच उत्सुकता लागली.

“कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई,” आत्या रडत होती. “सात भाकरी खायचास, पर कदी मीठ कमी म्हनला न्हाईस. कदी कामाला न्हाई म्हनला न्हाईस.” इथं ती थांबली, तिनं जरा आठवून बघितलं. “केलं बी न्हाईस, पर न्हाई म्हनला न्हाईस.” मग तिलाच ते कमी वाटलं असावं. “लई कामाचा गडी व्हतास रं. लई हुशार. घराचा खांब व्हतास.”

अक्कानं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले. मग आईच्या तोंडून एक आवाज निघाला. सगळ्यांना वाटलं हुंदका. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, दहा दिवसांत पहिल्यांदा.

शहादेव टेबलामागून उठला. “आत्या, मी हाय.”

आत्यानं त्याच्याकडं बघितलं. मग पडद्याकडं. मग ती उठून पडद्याजवळ गेली, आणि बन्सीच्या गालावर तिनं बोटं टेकवली. पाच गावच्या त्या बाईला एक शब्द सुचला नाही.

नंतर अक्कानं तिला पाणी दिलं. आत्यानं ते थेंबही न सांडता पिऊन टाकलं, पदरानं तोंड पुसलं आणि शहादेवला जवळ बसवून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“जित्ता हायस, लई बरं झालं बाबा,” ती हळूच म्हणाली. “पर त्ये हुशार आन कामाचा म्हनले ना मी, त्ये मनावर घिऊ नको. गेलेल्या मानसाला म्हनावं लागतं.”