आवडली म्हणून घेतलेली बातमी

तेजश्री वाघमोडे टूथपेस्ट आणायला स्टँडवर गेली आणि कुरणवाडीच्या शाळेचं छप्पर उडाल्याची बातमी विकत घेऊन होस्टेलवर परत आली.

बातमी चांगली होती. स्टँडच्या कोपऱ्यावर भालचंद्र खरातांचा हातगाडा असतो, तिथे तालुक्याच्या बातम्यांच्या ढिगात ती अगदी वर पडलेली होती. कोबीच्या गड्ड्याएवढं पुडकं, सुतळीने बांधलेलं, हाताला अजून कोमट लागणारं. खरात रोज दुपारी बातम्या मांडत. दिवेलागणीला वर्तमानपत्राची गाडी येई, उरलेल्या बातम्या भरून नेई आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या होत. मधल्या वेळात जी विकली गेली, ती मात्र घेणाऱ्याची. एका कारखान्याची माणसं आपल्या बातम्या स्वतः येऊन नेत आणि कपाटात ठेवत. कॉलेजची मुलं बहुतेक क्रिकेटच्या घेत. लग्नसराईत नट-नट्यांच्या बातम्या आहेरात द्यायची पद्धत होती.

तेजश्री राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि रोज पेपर वाचायची. पण अलीकडे मोठ्या बातम्यांचा तिला कंटाळा आला होता. निवडणूक, युद्ध, सोन्याचा भाव. सकाळी ज्याच्या तोंडी पाहावं त्याच्या त्याच. कट्ट्यावर बसून आपण एखादं मत द्यावं, तर तेच मत शेजारचा आधीच देऊन मोकळा झालेला. ही एवढीशी बातमी मात्र तिच्या एकटीची असणार होती.

"ताजी आहे का, काका?"

"परवाच्या वादळातली. हात लावून बघ की."

"टिकेल?"

"कोरड्या जागी ठेवलीस तर आठवडाभर जाईल. पण विकलेली बातमी मी परत घेत नाही, आधीच सांगतो."

"परत कोण करतंय?" तेजश्री म्हणाली.

हे तिने बढाई म्हणून म्हटलं नव्हतं. घेतलेल्या वस्तूचा पश्चात्ताप तिला कधी झालाच नव्हता. तिच्या कपाटात एक युकुलेले होतं, अर्धा नंबर लहान असलेले लाल बूट होते, आणि ज्यात बसून वाचता येतं असा एक जाळीचा झोपाळा होता, तो टांगायला होस्टेलच्या खोलीत हूक नव्हता. घेतलेल्या वस्तूचा उपयोग पुढेमागे सापडतो, न घेतलेल्या वस्तूचा कधीच सापडत नाही, असं तिचं स्वच्छ मत होतं. यावर तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं.

तिची रूममेट निलोफर मुजावर हिने वाद घालणं केव्हाच सोडून दिलं होतं. निलोफर बाजारात जाऊन सगळ्या वस्तूंचे भाव विचारून रिकाम्या हाताने परत येणारी मुलगी.

"काय आणलंस?"

"बातमी."

"आणि टूथपेस्ट?"

"राहिली."

तेजश्रीने पुडकं टेबलावर ठेवून सुतळी जराशी सैल केली, तसा खोलीत वारा सुटला. निलोफरच्या नोट्स उडाल्या. कुठेतरी पत्रा थडथडला, खूप मुलं एकदम ओरडली आणि मग धुळीचा वास पसरला.

"तेजू, बांध ती. मला अभ्यास करायचाय."

तेजश्रीने गाठ मारली. पण ऐकलेला पत्र्याचा आवाज तिला फार आवडला होता. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पेपर आला, त्यात पाचव्या पानावर एका बातमीएवढी जागा कोरी होती. त्या जागेकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. ती जागा आपल्या खोलीवर आहे, या विचाराने तेजश्रीने एक डाव पोहे जास्त घेतले.

पुढचे दोनचार दिवस तिने बातमी रोज थोडी थोडी ऐकली. मग एका दुपारी गेटवरून निरोप आला की कुरणवाडीची माणसं भेटायला आली आहेत.

खाली बाकावर एक बाई आणि एक गृहस्थ बसले होते. बाई कुरणवाडीच्या सरपंच, इंदुमती सरगर. गृहस्थ शाळेचे म्हेत्रे गुरुजी. दोघांचे चेहरे उन्हाने रापले होते.

"खरातांनी तुझं नाव सांगितलं," इंदुताई म्हणाल्या. "आमची बातमी तुझ्याकडं हाय म्हनं."

"हो. मी घेतली."

"आवडली का?"

तेजश्रीला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. "हो," ती म्हणाली. "खूप."

"चांगलीच हाय ती. आमी समदे होतो तिथं," इंदुताई म्हणाल्या आणि पदराने कपाळ पुसलं.

गुरुजींनी अडचण सांगितली. छप्पर गेल्यावर त्यांनी पंचायत समितीत अर्ज दिला. विस्तार अधिकारी लगेच आले, त्याबद्दल गुरुजींची तक्रार नव्हती. साहेब वर्गाच्या मधोमध उभे राहिले, वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, आत जरा उकडतंय, पण छप्पर मजबूत दिसतंय.

"त्यांना दिसलं नाही?"

"कसं दिसेल? पेपरात आलेलं नाही ना," गुरुजी म्हणाले. "त्यांचाही दोष नाही. न आलेली गोष्ट बघायचा त्यांना अधिकार नाही. मुलं उन्हात बसतात. परवा दोघींना भोवळ आली. आम्ही तेही कळवलं. उत्तर आलं की छपराखाली ऊन लागणं शक्य नाही."

"मग ही घ्या तुम्ही," तेजश्री म्हणाली. "मी आत्ता आणून देते."

"घिऊन आमी काय करू?" इंदुताई म्हणाल्या. "आमाला ठावंच हाय. ती पेपरात जाया पायजे."

वर जाऊन पुडकं हातात घेतल्यावर तेजश्रीला पहिल्यांदाच ते जड वाटलं. चार दिवस आपण ज्या ओरड्याला बातमीतली मजा समजून ऐकत होतो, त्यात भोवळ येणाऱ्या त्या दोघीही असणार, हे तिच्या ध्यानात आलं. तिला अपराधी वाटलं नाही असं नाही. पण अपराधी वाटून घेत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ती चप्पल घालून दोघांबरोबर स्टँडवर गेली.

खरातांनी पुडकं दाबून पाहिलं, वास घेतला आणि परत तिच्या हातात दिलं.

"परत घेत नाही हे सांगितलं होतं तुला. आणि आता ही शिळी व्हायला लागली. पेपरवाले शिळी उचलत नाहीत."

"मी त्या साहेबांना स्वतः भेटून सांगितलं तर?"

"तोंडी सांगितली की ती अफवा होते. अफवेवर पत्रे मिळत नाहीत."

"मग उपाय काय?"

खरातांनी गाड्यावरच्या पुडक्यांवर धूळ झटकायला फडका मारला आणि जरा विचार केला. "बातमीत भर पडली तर ती नवी धरतात. आत नवीन माणूस आला पाहिजे. नुसता भेट देऊन गेलेला नाही, तसे फार येतात. काहीतरी करणारा."

"येईल की," तेजश्री म्हणाली.

"कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

ती तशीच त्या दोघांबरोबर वडापच्या जीपमध्ये बसली. कुरणवाडीची शाळा गावाबाहेरच्या माळावर होती. भिंती शाबूत, फळ्यावर नऊचा पाढा, आणि वर आभाळ. बातमी तिच्या मालकीची असल्यामुळे तिला ते स्वच्छ दिसत होतं. मुलं दप्तरं डोक्यावर धरून भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसली होती, आणि सावली सरकेल तशी तीही सरकत होती.

तेजश्रीने शिडी मागितली. काय करायचं ते तिने आधी ठरवलं नव्हतं. वस्तू घेतानाही ती कधी ठरवत नसे. ती पुडकं काखेत मारून चढली आणि पूर्वेच्या भिंतीवर, जिथून छप्पर सुरू व्हायला हवं होतं तिथे, पाय आत सोडून बसली.

"पोरी, पडशील!" इंदुताई खालून ओरडल्या.

"नाही पडत, मावशी. शाळेला छप्पर मिळेपर्यंत मी इथून उतरणार नाही!"

मांडीवरचं पुडकं एकदम फुगलं आणि सुतळी तट्कन तुटली. तिने ते ओढणीत गुंडाळून गुरुजींकडे खाली सोडलं. गुरुजींनी ते छातीशी धरलं आणि मिळेल त्या गाडीने स्टँड गाठला. तेजश्रीने निलोफरला फोन केला.

"ऐक, खरातांच्या गाड्यावर जा. गुरुजी माझी बातमी घेऊन येतायत. पेपरची गाडी येईपर्यंत ती कुणी घेता कामा नये."

"मी कशी अडवणार?"

"ते तू बघ. आणि फोन चालू ठेव."

खरातांनी बातमी नवी धरली आणि रीतसर गाड्यावर मांडली. मांडल्याशिवाय गाडीत देता येत नव्हती. तिथेच घोटाळा होणार होता. त्या शाळेचे पत्रे मागच्याच वर्षी ज्या ठेकेदाराने बसवले होते, त्याचा माणूस गाड्याशी येऊन उभा राहिला. त्याने खिशात हात घातला.

"ही कशी दिली हो?" फोनमधून निलोफरचा आवाज आला. ती त्याच्या आधी बोलली होती. एका गिऱ्हाइकाचा भाव चालू असताना दुसऱ्याला माल द्यायचा नाही, हा बाजाराचा नियम आहे, आणि खरात नियमाचे पक्के होते.

त्यांनी भाव सांगितला.

"एवढा?" निलोफर म्हणाली. "कुरणवाडी आहे तरी कुठे? बाजूने फाटलीय का ही? मुलगी भिंतीवर आहे म्हणता, तिचा फोटो आहे का आत? नुसत्या मुलीचे एवढे?"

"जमत नसेल तर सोडा, ताई," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "मी सांगाल तो भाव देतो."

"माझं चाललंय ना, दादा? थांबा जरा. काका, दोन घेतल्या तर कमी कराल? शेजारची ती बिबट्याची दाखवा. नाही, ती नको, तीत बिबट्या दिसलेलाच नाही. हीच किती म्हणालात मघाशी?"

तेजश्री भिंतीवर बसून फोन कानाला लावून ऐकत होती. खाली इंदुताई आणि सगळी शाळा वर तोंड करून उभी होती. "काय म्हनत्यात?" इंदुताई अधूनमधून विचारत.

"अजून भाव चाललाय."

ऊन उतरलं, पोरं घरी गेली, निलोफरचा घसा बसला. ठेकेदाराच्या माणसाने दोनदा चहा घेतला आणि एकदा तर तिलाही पाजला. शेवटी फोनमध्ये गाडीचा हॉर्न वाजला.

"राहू दे काका, महाग आहे," निलोफर म्हणाली, आणि कुरणवाडीच्या भिंतीवर तेजश्रीने मोठ्याने शीळ घातली.

सकाळी पेपरात पाचव्या पानावर आलं: शाळेचे छप्पर उडाले, विद्यार्थिनीचा भिंतीवर ठिय्या. विस्तार अधिकारी शाळा भरायच्या आत हजर झाले. वर्गाच्या मधोमध उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि टोपी काढली.

"अरेरे," ते म्हणाले. "केवढं नुकसान."

"आता दिसतंय का, साहेब?" गुरुजींनी विचारलं.

"आज सकाळपासून दिसायला लागलंय." साहेबांनी तिथूनच फोन लावला. दुपारनंतर पत्र्यांचा ट्रॅक्टर आला, लोखंडी अँगल आले आणि हणमंत लोहार हत्यारांची पिशवी घेऊन शिडीवर चढला. पोरांनी एवढा गलका केला की माळावरची मेंढरं उधळली. पहिला पत्रा वर गेला तेव्हा इंदुताई डोळे पुसत होत्या, आणि कुणी पाहिलं तर धूळ गेल्याचं सांगत होत्या.

तेजश्रीने उतरण्यासाठी एक पाय शिडीवर टाकला.

"मॅडम, उतरू नका," साहेब खालून म्हणाले.

"का? छप्पर तर मिळालं."

"बातमीत तुम्ही भिंतीवर आहात. उतरलात तर बातमी खोटी ठरेल. खोट्या बातमीवर आलेले पत्रे मला परत न्यावे लागतील."

तेजश्रीने पाय मागे घेतला. म्हणणं बरोबर होतं. "मग कधी उतरू?"

"छप्पर बसल्याची बातमी येईल तेव्हा."

"ती कधी येते?"

साहेबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि सरळ उत्तर दिलं. "छप्पर उडाल्याची बातमी होते. बसल्याची होत नाही, ही अडचण आहे. माझ्या नोकरीत तरी अजून झालेली नाही."

तेजश्रीने भिंतीवरून चहूकडे पाहिलं. इथून डोंगराची सबंध सोंड दिसत होती, लाल रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्याने निलोफर येत होती, हातात वह्या आणि टूथपेस्ट घेऊन. वारा चांगला होता. आपण काही चुकीचं घेतलं आहे असं तिला आत्ताही वाटेना.

"पोरी, जेवान हितंच वर दिऊ का?" इंदुताईंनी विचारलं.

"द्या, मावशी."

संध्याकाळपर्यंत छप्पर तिच्यापाशी येऊन भिडलं. हणमंत लोहाराने टेपने तिची रुंदी मापली, मांडी घातली तर किती लागेल ते विचारलं, आणि शेवटचा पत्रा तेवढा कापून तिच्या दोन्ही बाजूंनी नीट बसवला. मग कान खाजवत तो थोडा वेळ घुटमळला.

"ताई, पावसाच्या आत उतरनार असशीला तर तसं सांगा. न्हायतर या फटीतनं पानी वर्गात यील. मला हितं तुमच्याभवती पन्हळ लावाय लागंल."

"लावून टाका," तेजश्री म्हणाली, आणि त्याला वाकायला जागा व्हावी म्हणून तिने पाय बाजूला घेतले.