हजेरीचा कागद

परदेशात नोकरी लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांना काळजी होती, फक्त मला नव्हती. कारण मला तिथली भाषा येत होती. तीन महिने मोबाईलवर धडे गिरवून मी चांगली चाळीस वाक्यं तोंडपाठ केली होती. ‘हे सफरचंद लाल आहे’ हे तर मी झोपेतून उठवलं तरी म्हणू शकत होतो. बायकोने विचारलं की तिकडे सफरचंदाचा रंग कोण विचारणार आहे. मी तिला म्हणालो, ‘तू फक्त माझ्या मागे मागे राहा.’

माझं काम पंपांच्या कारखान्यात होतं आणि घर एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्याच सोमवारी खाली उतरलो तर जिन्याजवळच्या बंद दाराशेजारी भिंतीवर एक मोठा कागद लटकलेला दिसला. उभ्या-आडव्या रेघा, वर वार, बाजूला तारखा आणि वेळा, दोरीला बांधलेलं पेन. वरच्या ओळीतला एक शब्द मला येत होता: ‘नाव’. मागच्या तारखांच्या काही चौकोनांत लोकांनी नावं लिहिलीही होती.

मी अकरा वर्षं सरकारी खात्यात काढलेला माणूस. मस्टर मला लांबून ओळखू येतं. इमारतीत कोण आहे, कोण गावाला गेलंय, याची हे लोक रोज नोंद ठेवतात, हे माझ्या लगेच लक्षात आलं. शिस्तीचा देश! पण लोक आळशी निघाले. आठवड्यातून एखादी सही, बाकी सगळे चौकोन कोरे. मी आमच्या खात्यातल्या पद्धतीप्रमाणे पुढच्या दोन आठवड्यांच्या सह्या एकदमच ठोकून टाकल्या. एकाआड एक बायकोचंही नाव लिहिलं, कारण हजेरी दोघांची. कागद गच्च भरला. खाली घराचा नंबर टाकला आणि समाधानाने कामावर गेलो.

त्या आठवड्यात शेजारी आमच्याकडे जरा विचित्र बघायचे. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्या तर कागदासमोर उभ्या राहून मान हलवायच्या. मला वाटलं, कौतुक चाललंय.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर कपड्यांनी भरलेली पिशवी. दुपारपर्यंत आणखी तीन आल्या. शर्ट, पॅन्ट, लोकरी मोजे, आणि कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला एक झकास तपकिरी स्वेटर. त्यावर चिठ्ठी होती. चिठ्ठीतले तीनपैकी दोन शब्द मला आले: ‘थंड’ आणि ‘कृपया’.

मी बायकोला अर्थ सांगितला. इथे थंडी फार असते, कृपया स्वीकार करावा. नव्या माणसांना हे लोक घरातले जुने कपडे देतात.

तिचे डोळे भरून आले. आल्यापासून तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. दिवसभर ती खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत बसायची. ‘आपण उगाच यांना कोरडे म्हणत होतो,’ ती म्हणाली.

सासूबाईंना फोनवर सगळं दाखवलं. त्यांनी एकच सूचना दिली की कोणाच्या अंगावरचे कपडे आहेत कोण जाणे, धुतल्याशिवाय जावईबापूंनी अंगाला लावायचे नाहीत. बायकोने सगळा ढीग न्हाणीघरात बादलीत भिजवला, हाताने घासला, घरभर दोऱ्या बांधून वाळवला आणि रविवारी बसून इस्त्री केली. लग्नाआधी ती शिवणवर्गात शिकवायची. तिच्या इस्त्रीची घडी अशी की त्या धारेवर कांदा चिरावा.

सोमवारी मी तो स्वेटर घालून ऑफिसात गेलो. आमचे विभागप्रमुख, ज्यांच्या हातात माझी नोकरी कायम करणं होतं, ते समोरून आले आणि थांबले. माझ्या कोपरांकडे बघितलं. मग ऑफिसातल्या नेहमीच्या इंग्रजीत विचारलं, की स्वेटर कुठून घेतला.

मी छाती पुढे काढून सांगितलं की शेजाऱ्यांनी भेट दिला. तुमच्या देशातली माणसं फार दिलदार आहेत.

‘कुठली इमारत?’

मी पत्ता सांगितला. साहेबांनी स्वेटरची बाही चिमटीत धरून बघितली. मग शांतपणे म्हणाले, ‘चौथ्या मजल्यावर मी राहतो. हा स्वेटर माझा आहे. बायकोने तुमच्याकडे धुवायला दिला होता.’

मला घाम फुटला. त्या स्वेटरमध्ये तो पुसायचीही लाज वाटली.

साहेबांनी मला खुर्चीत बसवून सगळं समजावून सांगितलं. ते बंद दार म्हणजे इमारतीचं धुलाईघर. आत दोन मशीन. तो कागद म्हणजे कोणी कोणत्या वेळी मशीन वापरायचं त्याची यादी. दोन आठवड्यांची प्रत्येक वेळ आमच्या दोघांच्या नावावर! आधी लोक चिडले. मग साहेबांच्या बायकोने अंदाज बांधला की इमारतीच्या मालकाने धुलाईसाठी नवराबायको नेमले असणार, नाहीतर एवढे कपडे कोण धुतं? चिठ्ठीत लिहिलं होतं, थंड पाणी, कृपया.

‘पण एक कळत नाही,’ साहेब म्हणाले. ‘मशीन तर आठवडाभर एकदाही चालू झालेली नाहीत. मग तुम्ही धुतलंत कुठे?’

‘बादलीत,’ मी म्हणालो.

इतका वेळ गंभीर असलेला तो माणूस टेबलावर डोकं ठेवून हसला.

संध्याकाळी स्वेटर घडी करून पिशवीत घातला आणि घरी येऊन बायकोला खरं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती नुसती खाली बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे कोणी काही दिलंच नव्हतं.’ ते मला जास्त लागलं.

मग आम्ही पिशव्या घेऊन दारोदार निघालो. सुदैवाने कोणती पिशवी कोणाची हे साहेबांनी घरी विचारून ठेवलं होतं. पहिलं दार शिक्षिकाबाईंचं. मी पाठ केलेलं माफीचं वाक्य म्हणायला घेतलं, पण बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी आपला ब्लाऊज उजेडात धरला, घडीवरून बोट फिरवलं आणि बायकोला हाताला धरून आत नेलं. मी जिन्यात उभा. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केकचा डबा होता आणि गुरुवारी परत यायचं आमंत्रण. इस्त्री शिकवायला.

गुरुवारी तिथे तीन बायका जमल्या, पुढच्या गुरुवारी सहा. साहेबांच्या बायकोने स्वतःची इस्त्री खाली आणली. दोन महिन्यांत बायको त्यांच्याशी हसतखिदळत, भांडतसुद्धा बोलायला लागली. दुकानात आता तीच पुढे असते आणि मी पिशवी धरतो.

नोकरी कायम झाली. मध्यंतरी कारखाना बघायला बाहेरून एक बडे पाहुणे आले होते. साहेबांनी मला मुद्दाम पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत माझी भलीमोठी ओळख करून दिली. मला त्यात ‘पंप’ हा शब्द काही ऐकू आला नाही. पण पाहुण्यांनी मोठ्या आदराने माझा हात हातात घेतला आणि आपल्या कोटाच्या बाहीवरची चुणी दाखवली.