उरलेले दोन टक्के

एकहार्ड ग्रोटे यांच्या टीव्हीवर चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही त्यांनी करवतीला तेल घालून ठेवलं होतं.

कारण कोपऱ्यातला आकडा. तिथे सिग्नलचा दर्जा कायम ९८ दिसायचा, आणि म्हातारा तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. गेल्या महिन्यात जावयाने, म्हणजे यॉर्नने, सेट-टॉप बॉक्समधलं सॉफ्टवेअर बदललं आणि आकडा ६४ वर आला.

खरं तर यॉर्नने चांगलंच काम केलं होतं. जुनं सॉफ्टवेअर चित्र लागलं की डोळे झाकून ९८ ठोकून द्यायचं. हे खरं किती, याचं यॉर्नला कुतूहल वाटलं. ट्यूनरची चिप नेमकं काय सांगते ते त्याने महिनोन् महिने महागड्या मोजयंत्राशी ताडून पाहिलं आणि खरा आकडा दाखवायची सोय केली. चौसष्ट म्हणजे उत्तम. पण हे सासऱ्याच्या गळी कोण उतरवणार?

“बाबा, चित्र अडकतंय का कुठे?”

“नाही.”

“आवाज?”

“नाही. पण चौतीस टक्के गेले कुठे? मी सांगतो. रोझवीथाच्या चेरीच्या झाडात गेले.”

रोझवीथा ही शेजारीण. तिच्या झाडाचा अर्धा पसारा कुंपणावरून इकडे आला होता. एकहार्डनी तिला फांद्या काढायला रीतसर मुदत दिली होती, ती कालच संपली. आज रविवार म्हणून झाड वाचलं. रविवारी आवाज करायचा नाही असा इथला नियम; करवत चालवली तर अख्खी गल्ली अंगावर येते. उद्या सकाळी मात्र त्याची धडगत नव्हती. टेबलावर त्याच झाडाच्या चेरींचा केक होता, रोझवीथानेच पाठवलेला. यॉर्नने त्याचा एक तुकडा कसाबसा संपवला. हे सगळं आपणच करून ठेवलंय, हे त्याला कळत होतं.

“बाबा, डिश दक्षिणेकडे बघते. झाड उत्तरेला आहे. तिच्या पाठीमागे.”

“पाठीमागून वार करणारेच वाईट असतात, जावईबापू.”

यॉर्नने लॅपटॉप उघडला. इतक्या महिन्यांची मेहनत त्याने पाण्यात घातली आणि ९८ परत आणला.

एकहार्डनी चष्मा चढवला. “बघ, रंगसुद्धा उजळले.”

“मग आता झाड—”

“आता दोनच टक्के राहिले. तेवढे उद्या सकाळी काढतो.”

यॉर्नने पुन्हा लॅपटॉप उघडला.

म्हाताऱ्याने चष्मा पुसून शंभरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग उठून करवत खोपटात ठेवून आला आणि यॉर्नच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, “राग मानू नकोस. पण लोकांच्या घरी लावण्याआधी आकडे जरा तपासून बघत जा. तुझ्या चुकीपायी त्या बिचाऱ्या झाडाचा जीव जात होता.”

यॉर्नने मान डोलावली आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.