उसनी कवळी

रविवारी सकाळी साडेनऊला घरकाम करणाऱ्या साळूने स्टीलच्या ग्लासातलं पाणी गॅलरीतून खाली ओतलं आणि त्या पाण्याबरोबर प्रमिलाबाईंची वरची कवळीही तिसऱ्या मजल्यावरून खाली गेली. कामोठ्याच्या त्या रस्त्यावर रविवारीसुद्धा क्लासच्या मुलांना सोडायला रिक्षांची रीघ असते. कवळी पडली ती नेमकी एका रिक्षाच्या पुढच्या चाकासमोर. रिक्षावाल्याने ब्रेक दाबला नाही. दाबावा असं त्याला काही दिसलंच नसणार.

साळू खाली जाऊन पदरात तुकडे गोळा करून घेऊन आली. पाच तुकडे होते. सहावा, पुढच्या दोन दातांचा, काही सापडला नाही.

"मला काय म्हाईत, बाय, त्यात दात हायेत," साळू म्हणाली. "रोज तुमी डबीत ठेवता. आज गिलासात ठेवले. गिलासात माणूस पाणी ठेवतो."

यावर प्रमिलाबाई जे म्हणाल्या, ते दातांशिवाय साळूला कळलं नाही. भाषण लिहिण्याच्या नादात डबी कुठे ठेवली ते त्या विसरल्या होत्या. भाषण त्याच संध्याकाळी पाच वाजता होतं. पनवेलच्या वाचनालयाच्या सभागृहात कृष्णकांत गुप्त्यांची शोकसभा होती आणि मुख्य वक्त्या म्हणून पत्रिकेवर नाव छापलं होतं प्रमिला टिपणीस यांचं.

प्रमिलाबाई एकाहत्तर वर्षांच्या. मूळच्या आपट्याच्या. पाताळगंगेच्या काठावर धुणं धुताना गाणाऱ्या या मुलीला तिच्या मामाने सतराव्या वर्षी मुंबईला नेऊन गाण्याच्या मास्तरांपुढे बसवलं. सात वर्षं त्या घासून गाणं शिकल्या ते करुण नायिका व्हायचं म्हणून. पहिल्याच नाटकात तिसऱ्या अंकात त्यांना नायकाच्या मांडीवर प्राण सोडायचा होता. प्राण सोडता सोडता त्यांना उचकी लागली. नायक होता कृष्णकांत. तो घाबरून म्हणाला, "पाणी आणा," आणि मेलेल्या नायिकेने मान हलवून हो म्हटलं. थिएटर दोन मिनिटं हसत होतं. विंगेत उभे असलेले निर्माते मात्र हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्याच महिन्यात दोघांसाठी एक विनोदी संगीत नाटक लिहून घेतलं.

त्या नाटकाचे नऊशेवर प्रयोग झाले. बावीस वर्षं दोघं नवरा-बायको म्हणून गावोगाव भांडत आणि गात हिंडले. कृष्णकांतने मधल्या काळात सुनंदाबाईंशी लग्न केलं. प्रमिलाबाईंचं राहून गेलं. दौऱ्यांत तारखा जुळल्या नाहीत, असं त्या सांगत. पुढे संगीत नाटकं बंद पडली. मग साठीच्या उंबरठ्यावर टीव्हीने त्यांना एका मालिकेत मावशी केलं. ही मावशी सगळ्या घराची लक्तरं वेशीवर टांगायची आणि शेवटी भाबडेपणाने म्हणायची, "मी काही बोलले का?" हे वाक्य चार वर्षं चाललं. मग मालिकेवाल्यांनी मावशीला काशीला पाठवलं ते परत बोलावलंच नाही. आता मालिका संपून चार वर्षं झाली होती, पण पनवेलच्या भाजीबाजारात अजूनही त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी लोक हसत. त्यांच्या आईच्या तेराव्याला गुरुजी हसले होते.

म्हणूनच तीन आठवड्यांपूर्वी इस्पितळात कृष्णकांतने त्यांचा हात धरून जे मागितलं, ते त्यांना फार जड गेलं होतं.

"शोकसभा होईल. तूच बोल," तो म्हणाला होता. "पण हसवू नकोस, पमे. जन्मभर लोक मला बघून हसले. एकदा तरी माझ्यासाठी कोणीतरी रडू दे."

त्यांनी शब्द दिला होता. आणि आता तोंडात वरचा एकही दात नव्हता.

साळूनेच शेजारच्या हव्वाबींना बोलावून आणलं. हव्वाबींचे यजमान इक्बालभाई अठरा वर्षं कुवेतला दातांच्या लॅबमध्ये होते. परत आल्यावर त्यांनी पनवेलला स्वतःचं छोटं दुकान टाकलं होतं. शहरातले चार-पाच डॉक्टर त्यांच्याकडून कवळ्या करून घेत. मागोमाग तेही आले. त्यांनी पाच तुकडे हातावर घेतले, उलटे केले आणि एखाद्या नातेवाइकाला सांगावं तसं सांगितलं, "आपा, यात काही राहिलं नाही."

"नवीन?" प्रमिलाबाईंनी विचारलं. म्हणजे तसं काहीतरी विचारलं.

"पाच-सहा दिवस लागतील. शोकसभा पुढे ढकलता येईल का?"

"मय्यतवाला वाट बघेल, हॉल कसा बघेल?" हव्वाबी म्हणाल्या. "दुकानात एखादी तयार पडली असेल ना? बघा की जरा."

एक होती. महिना झाला होता, पेशंट न्यायला आला नव्हता. इक्बालभाईंनी ती उकळत्या औषधात धुतली, कडा घासल्या, आत चिकटवायची पावडर घातली आणि प्रमिलाबाईंच्या तोंडात बसवली. कवळी मर्दानी मापाची होती. आरशात पाहिलं तर आपल्या चेहऱ्यातून कोणीतरी दुसराच हसतोय असं त्यांना वाटलं.

"तीन-चार तास निभावेल," इक्बालभाई म्हणाले. "पण आपा, हळू बोला. फ आणि व जपून, त्यांना कवळी सुटते. शिट्टी वाजेल, ती फक्त स ला. आणि हसू मात्र अजिबात नका."

"शोकशभाच आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि शिट्टी वाजू नये म्हणून त्यांनी स चा श केला होता हे स्वतःच ऐकून त्यांना घाम फुटला.

चार वाजता त्या आणि हव्वाबी रिक्षाने निघाल्या. वाटेत प्रमिलाबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि भाषणातला स शोधून शोधून मारायला सुरुवात केली. 'सहकलाकार' खोडून 'बरोबरीचा नट' केलं. 'स्वर्गवासी' खोडून 'गेलेला' केलं. 'संसार', 'सूर', 'सोबत' सगळं गेलं. कळंबोलीच्या सर्कलपर्यंत भाषण अर्धं झालं होतं. एक शब्द मात्र काही केल्या बदलता येईना. पहिल्याच ओळीत सुनंदाबाईंचं नाव घेणं भाग होतं.

इक्बालभाईंनी कवळीची रिकामी डबी जपून न्या म्हणून हातात दिली होती. पेन ठेवताना ती उघडली आणि आतली डॉक्टरांची चिठ्ठी प्रमिलाबाईंच्या मांडीवर पडली. चिठ्ठीवर नंबर होता आणि खाली बारीक अक्षरात नाव: कृ. बा. गुप्ते.

त्यांनी ती चिठ्ठी हव्वाबींपुढे धरली. हव्वाबींनी वाचली, पुन्हा वाचली.

"या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर नंबरावर काम करतात, नाव बघतच नाहीत. आता?"

"काढते," असं म्हणून प्रमिलाबाईंनी तोंडात बोट घातलं. पण इक्बालभाईंची पावडर कुवेती होती. कवळी हलली, निघाली नाही. एवढ्यात रिक्षा वाचनालयापाशी थांबली आणि संयोजक हार घेऊन पुढे धावले. तो हार फोटोसाठी होता, पण क्षणभर तो कुणाच्या गळ्यात पडणार हे कोणालाच सांगता आलं नसतं.

सभागृह भरलं होतं. टेबलावर कृष्णकांतचा फोटो, पुढे फुलांचं तबक, उदबत्ती. पहिल्या रांगेत सुनंदाबाई पांढऱ्या साडीत ताठ बसल्या होत्या. बावीस वर्षं गावोगावच्या लोकांनी त्यांच्या नवऱ्याला "वहिनींना का नाही आणलं?" असं विचारलं होतं ते प्रमिलाबाईंनाच वहिनी समजून. दोघी एकमेकींशी कधी भांडल्या नव्हत्या. बोलल्याही फारशा नव्हत्या.

चार वक्त्यांनंतर प्रमिलाबाई उभ्या राहिल्या, तेव्हाच मागच्या रांगांत खसखस सुरू झाली. त्यांनी माइक धरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सुनंदाताई."

माइकमधून कुकरची शिट्टी व्हावी तशी शिट्टी निघाली. बाहेर बसलेला कुत्रा उठून आत डोकावला. लोक हसले, आधी दबून, मग मोकळे.

"क्षमा करा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी आज हशवायला आलेली नाही."

हशा.

"खरंच नाही. त्यानेच मला दवाखान्यात बजावलं होतं, हशवू नको म्हणून."

आता पुढच्या रांगाही हसू लागल्या. मागून एका बाईने ओरडून विचारलं, "मावशी, तुम्ही काही बोललात का?" आणि टाळ्या पडल्या. प्रमिलाबाईंना वाटलं, उभ्या उभ्या जमीन दुभंगावी. फोटोतला कृष्णकांत त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मनापासून, जपायचं ते न जपता, म्हणाल्या, "फार वर्षांपूर्वी..."

फ ला कवळी निघाली. माइकवर आपटून ती टेबलावर उडाली आणि फोटोपुढच्या फुलांच्या तबकात झेंडूवर जाऊन बसली.

असा हशा प्रमिलाबाईंनी नऊशे प्रयोगांत ऐकला नव्हता. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. प्रमिलाबाईंनी कवळी उचलली, पदराने पुसली आणि काय करावं ते न सुचून खरं तेच सांगितलं.

"ही माझी नाही," त्या बोबड्या बोलल्या. "ही कृष्णाचीच आहे."

छप्पर उडायचं बाकी होतं.

एकट्या सुनंदाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या. पायऱ्या चढून मंचावर आल्या. हशा अजून चालूच होता. त्यांनी प्रमिलाबाईंसमोर हात पुढे केला.

"ती इकडे द्या, प्रमिलाताई." त्यांनी कवळी हातात घेऊन निरखली. "अशी झाली होती होय. ते हिचीच वाट बघत होते. दोन महिने मऊ भात खाल्ला त्यांनी. ही आली की मटण करायचं ठरलं होतं. मी मसाला वाटून ठेवला होता."

त्या अगदी हळू बोलल्या होत्या. पण माइक चालू होता.

हशा एकदम नाही थांबला. पुढच्या रांगेतून मागे मागे विझत गेला. सुनंदाबाईंनी कवळी रुमालात गुंडाळली आणि त्या खाली न जाता तिथेच खुर्चीवर बसल्या.

प्रमिलाबाई माइकपुढे एकट्या उरल्या. बोलायला दात नव्हते. अशा वेळी नटाच्या तोंडी जे सगळ्यात जास्त वेळा बसलेलं असतं, तेच येतं. त्यांच्या तोंडी नाटकातलं गाणं आलं. पहिल्या अंकात बायको आळशी नवऱ्याला उठवते ते. त्या गाण्यात कृष्णकांतला शब्द नव्हते. प्रत्येक ओळीनंतर तो फक्त सुरात घोरायचा, आणि त्या घोरण्यावर थिएटर कोसळायचं.

"उठा की हो, दिवस आला डोक्यावर,
चहा थंड पडला तुमच्या नावावर..."

त्या थांबल्या. सवयीने थांबल्या, घोरण्यापुरत्या, बरोबर चार मात्रा. सभागृहात पंखा तेवढा फिरत होता.

"उठा की हो, दारी आले पाहुणे,
सांगू काय त्यांना, संपले बहाणे..."

पुन्हा चार मात्रा. पुन्हा कोणी घोरलं नाही. तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा हुंदका आवरायला गेला आणि तो त्याला आवरला नाही. मग सगळीकडूनच पदर आणि रुमाल निघाले. मघाशी ओरडलेली बाई तोंडावर ओढणी धरून बसली होती. प्रमिलाबाईंनी तिन्ही कडवी गायली, दर वेळी थांबल्या, आणि शेवटी फोटोला नमस्कार करून खाली आल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. सुनंदाबाई मात्र त्यांच्यामागून उतरल्या आणि शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "मसाला अजून फ्रीजमध्ये आहे. येत्या रविवारी या. तुम्हाला चावता येईल एवढं मऊ शिजवते."

बाहेर पडताना हव्वाबींनी डोळे पुसत प्रमिलाबाईंचा हात धरला.

"आपा, सगळा हॉल रडला."

"तीन कडवी," प्रमिलाबाई म्हणाल्या. दातांशिवायही त्यांचा अपमान स्पष्ट ऐकू येत होता. "तीन कडव्यांत एक हशा नाही. असं कधी झालं नव्हतं."

जिन्याशी एक वाकलेले गृहस्थ काठी टेकून त्यांची वाट बघत उभे होते. कोर्टातून निवृत्त झालेले कमळाकर म्हात्रे, अशी त्यांनी ओळख सांगितली.

"बाई, फार छान झालं. आमच्याकडच्याही एका शोकसभेला याल का? असंच. आधी हसवायचं आणि मग रडवायचं."

मालिका संपल्यापासून चार वर्षांत प्रमिलाबाईंना पहिल्यांदाच कोणी कामासाठी विचारत होतं. त्यांनी पर्समधून डायरी काढली, चष्मा लावला आणि विचारलं, "तारीख?"

"तारीख अजून नक्की नाही," कमळाकर संकोचून म्हणाले. "माणूस मीच आहे."

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं, मग डायरी मिटली.

"मग जरा लवकर कळवा," त्या म्हणाल्या. "माझंही वय झालंय."