लिंबाच्या पंक्तीची हकीकत

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ओठ ओले ठेवणाऱ्या सकल देवतांस दुरून वंदन. शके सोळाशे शेहेचाळीस, मद्यनाम संवत्सरी, एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे की, महाराजांचे भेटीस टोपीकर वकील आले आणि मुजरा करोन बोलिले, "आमचे पणजोबा एक प्याला घेत. जिन, मौनी बैराग्यांचा हिरवा झाडपाल्याचा अर्क, चेरीचे गोड मद्य आणि लिंबाचा रस, चारी समसमान, बर्फात घुसळोन. तो पाजाल तर तहावर शिक्का करू." मग पाण्यामद्याचे कारभारी रायाजी आबदार यांस आज्ञा जाहली.

रायाजी मानपानाचे मोठे कडवे. घरी बायको सगुणाबाई, ती त्यांचे जेवण उरकल्यावर त्यांच्याच उष्ट्या ताटात जेवी. "समसमान? पंक्तीस काही मान नको?" म्हणोन त्यांनी अर्क साधुपुरुष, त्यास मोठी वाटी दिली, आणि जिन पाहुणा, चेरी नाजूक राणीसाहेब, त्यांस मधली दिली, आणि लिंबू परसातले कूळ, त्यास उंबऱ्याबाहेर एक थेंब. वकिलांनी घोट घेतला, एक डोळा मिटला आणि पुसिले, "हे कोण्या घोड्याचे औषध?" मग महाराज कडाडले, "रायाजी, सांजेपर्यंत प्याला साधा, नाहीतर उद्यापासोन उंटांस पाणी पाजा!"

रायाजी तोंड पाडोन घरी आले आणि जात्यावर बसलेल्या सगुणाबाईंस सारे सांगितले. ती ऐसी हसली की पीठ उडाले. "अगंबाई, म्हणजे या घरचं लिंबू मीच की! जा, उंटांच्यात कुणाचं ताट आधी असतं, तेवढं विचारून या." आणि खुंटा धरोन गाऊ लागली:

थोर धाकला दाना, जातं माझं ना पुसतं
दळलेल्या पिठामंदी, सारं एकच दिसतं

रायाजी तसेच उठले. मग वाड्यात जाऊन चौघांस एकाच पळीने मापिले, मान मोडताना पाहवेना म्हणोन घुसळताना डोळे मिटिले आणि प्याला पुढे केला. वकिलांनी घोट घेतला, "पणजोबा!" म्हणोन डोळे पुसिले आणि शिक्का हाणिला. मग महाराजही प्याले, आणि दुसऱ्या प्याल्यास गादीवरोन उतरोन हुक्केबरदाराशेजारी सतरंजीवर बसले, आणि मानकऱ्यांस बसावे कोठे हेच कळेना, आणि जो तो दुसऱ्याचे जोडे घालोन घरी गेला.

घरी रायाजींनी आपले पाटाशेजारी पाट मांडिला.

"बस."

"अहो, फार झाली का?"

"चाखण्यापुरती. बस गं."

एवंच, तह जाहला, आबदारी राहिली, उंटांस दुसरा माणूस मिळाला, आणि लिंबू पंक्तीस बसले.